शेऱ्याचा रकाना

“बारा वर्षं झाली ना हिच्या फिट्स थांबून?”

मंदार चित्र्यांनी हे इतक्या सहज विचारलं, की मी पोह्यांची डिश त्यांच्या पुढ्यात ठेवून “लिंबू हवंय का?” असंही विचारून गेले. आपण काय ऐकलं ते मला त्यानंतर कळलं.

सतरा वर्षांपूर्वीचा रविवार होता आणि माझ्या रोह्याच्या घरात मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. ठाण्याहून निनाद चित्रे आला होता, त्याची आई होती, आणि थोरला भाऊ मंदार, जो कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. इकडून ऋजुता फणसे आणि तिची आई शैलाताई. ऋजुता सत्तावीस वर्षांची, धाटावच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दोन्ही घरं माझ्या वधूवर मंडळात नोंदवलेली. असे कार्यक्रम मी माझ्याच घरी ठेवायची. मुलीच्या घरी ठेवले की गल्ली जमते आणि हॉटेलात ठेवले की कुणी मोकळं बोलत नाही.

शैलाताईंचा चेहरा पांढरा पडला. निनाद हातातल्या चमच्याकडे बघत राहिला. ऋजुतानं कप खाली ठेवला. मंदारकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, तिनं पाहिलं ते माझ्याकडे.

“हो, म्हणजे लहानपणीची गोष्ट आहे ती,” शैलाताई घाईघाईनं म्हणाल्या. “आता काही नाही तसं.”

“तेच म्हणतोय मी,” मंदार म्हणाला. “पोहे छान झालेत, बाई.”

पाहुण्यांची मोटार वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ऋजुता काही बोलली नाही. आठवी ते दहावी मी तिला गणित शिकवलं होतं, त्यामुळे ती गप्प असली की समजून जावं हे मला ठाऊक होतं.

“बाई,” ती म्हणाली, “ही गोष्ट आईला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत होती आणि तुम्हाला. रोह्यात चौथं कुणी नाही.”

“माझ्या तोंडून एक अक्षर गेलेलं नाही.”

“मग ह्यांना स्वप्न पडलं?”

“ऋजुता, बाईंशी असं बोलतात का?” शैलाताई म्हणाल्या, पण त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. दोघी चपला घालून निघून गेल्या.

मला राग आला, आणि तो राग मला फार आवडला होता हे आज कबूल करते. सहा वर्षं मी मंडळ चालवत होते. चारशे बारा घरं. कुणाचा साखरपुडा का मोडला, कुणाचा मुलगा परदेशात कुणाबरोबर राहतो, कुणाच्या घरी आईचं डोकं ठिकाणावर नाही, सगळं मला लोक आपण होऊन सांगायचे. का, तर प्रधानबाईंच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, अशी माझी ख्याती होती. ती मी स्वतःही बरीच पसरवली होती.

रात्रभर झोप लागली, खोटं कशाला सांगू. आपण चुकलेलो नाही याची खात्री असली की मला उत्तम झोप लागते. सकाळी मात्र चहा घेताना मी गणित मांडलं. आई सांगणार नाही. डॉक्टर वारून दोन वर्षं झाली होती. मी सांगितलेलं नाही. तोंडातून गेलं नसेल तर लिहिलेलं कुठं आहे? लिहिलेलं एकाच ठिकाणी होतं. माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीत प्रत्येक नावापुढे शेवटी मी एक रकाना ठेवला होता, ‘शेरा’. तिथं मी खरं काय ते लिहायची, म्हणजे स्थळं जुळवताना घोळ होऊ नये. ऋजुताच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘फिट्स, वय ९ ते १५. बारा वर्षं बंद. कुणास सांगू नये.’

मी मुलाणीला फोन केला.

सलीम मुलाणी बाजारपेठेत कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्त करायचा. वय पंचेचाळीस, केस पांढरे, तरी माझ्यासमोर आला की नववीतल्यासारखा उभा राहायचा. वर्षभरापूर्वी टेलिफोनच्या तारेतूनच चोवीस तास चालणारं इंटरनेट आलं तेव्हा माझ्याकडे ते त्यानंच जोडून दिलं होतं.

“बस की,” मी म्हटलं. “आणि सांग, माझ्या घरात न येता माझ्या कॉम्प्युटरवरचं कुणाला वाचता येईल का?”

तो खुर्चीवर बसला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बघायला लागला.

“बाई, इथं मी एक पहारेकरी बसवून दिला होता. बाहेरून कुणी आत शिरायला लागलं की विचारणारा. तो कुठं गेला?”

“तो होय! तो सारखा विचारायचा रे. ह्याला येऊ देऊ का, त्याला येऊ देऊ का. चौतीस वर्षं वर्ग घेतले मी. एकच प्रश्न तीनदा विचारणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करते.”

“मग काय केलंत?”

“एकदाच काय ते सांगून टाकलं. सगळ्यांना येऊ दे म्हणून.”

मुलाणीनं कपाळाला हात लावला नाही, कारण मी समोर होते. पण हात अर्ध्यावर आला होता.

“आणि पुण्याहून तुमच्या बहिणीच्या घरून इथले फॉर्म बघायला मी ते सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. परत आलात की बंद करा म्हटलं होतं.”

“राहिलं असेल. पण त्याला पासवर्ड आहे. आणि तो मी कुणाला सांगितलेला नाही, तुलाही नाही.”

“नका सांगू,” तो म्हणाला.

टेबलावर मंडळाच्या कागदांचा गठ्ठा होता. त्यानं वरचा कोरा कागद उचलला आणि माझ्याकडे न बघता टाइप करू लागला. पाच सेकंदांत माझी सगळी यादी त्याच्यासमोर उघडली. मी उभी होते ती बसले.

त्या कागदाच्या माथ्यावर, मंडळाच्या नावाच्याही वर, लाल शाईत छापलेलं होतं: ‘॥ श्री विंझाई प्रसन्न ॥’. आमची कुलस्वामिनी. तिच्या नावाशिवाय मी कागदाला हात लावत नव्हते, तशी पासवर्डलाही तिच्याच नावानं सुरुवात केली होती, आणि शेवटही. चारशे बारा घरांना मी हे कागद पाठवले होते. पाकिटांवरसुद्धा छापून घेतलं होतं.

“तुला कसं कळलं?”

“बाई, बाजारपेठेत निम्म्या लोकांचा असाच असतो. लग्नपत्रिका हातात घ्यायची आणि पहिली ओळ वाचायची. माझ्या मेव्हण्याचा सातशे शहाऐंशी आहे.”

“पण माझा कॉम्प्युटर रोह्यात आहे हे ठाण्याच्या माणसाला कसं सापडेल? एवढ्या जगात?”

“तुम्ही त्यांना ई-मेल पाठवला असेल ना? त्याच्या पाठीवर तुमच्या कनेक्शनचा आकडा असतो. आपल्याला दिसत नाही, जाणकाराला दिसतो. मोडेम रोज रात्री बंद केला असतात तर तो आकडा बदलत राहिला असता. तुम्ही कधीपासून बंद केला नाहीत?”

मोडेमवरचा हिरवा दिवा मला बरा वाटायचा. एकट्या बाईच्या घरात काहीतरी जागं असलेलं बरं, अशी माझी समजूत होती.

त्या सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही होती. कोण कधी आलं, किती वेळ होतं. मुलाणीनं ती उघडली. आदल्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी बाहेरून आलं होतं आणि बावीस मिनिटं होतं. त्या वेळी मी वाचनालयाच्या कमिटीत, लोकांनी पुस्तकं नीट सांभाळावीत म्हणून भाषण ठोकत होते.

“बावीस मिनिटांत किती वाचून होईल?”

“सगळं उचलून न्यायला पाच पुरतात,” मुलाणी म्हणाला. “नेलं असेलच असं नाही. पण नेलं नसेल असंही मी सांगू शकत नाही.”

तो गेल्याबरोबर मी ठाण्याला फोन लावला. मंदारनं उचलला.

“मंगळवारी दुपारी तीन दहाला तुम्ही माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतात,” मी म्हटलं. नमस्कार वगैरे केला नाही.

तो हसला. “बाई, त्याला काय एवढं? दार उघडं होतं. मी फक्त आमच्या कामाचं तेवढं बघितलं. भावाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, चौकशी तर करणारच.”

“माझ्या घराचं दार दिवसभर उघडं असतं. रविवारी तुम्ही त्यातूनच आत आलात. माझं कपाट उघडून बघितलंत का?”

“उगाच मोठं करताय तुम्ही. आणि बातमी चांगली आहे. आम्हाला मुलगी पसंत आहे. बारा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत, आईचीही हरकत नाही. फणस्यांना कळवून टाका.”

मी फोन ठेवला आणि हे मान्य करायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की झालं, सुटलो. लग्न जुळलं तर कोण विचारणार कुठून कळलं? मुलगी चांगल्या घरी जाईल, माझं नाव राहील, पासवर्ड बदलून टाकला की झालं. दुपारभर हा विचार मी घरात खेळवला. संध्याकाळी ऋजुता कंपनीच्या बसमधून उतरायच्या वेळेला मी फणस्यांच्या घरी गेले, आणि दारात तिचा चेहरा बघितल्यावर तो विचार तिथंच सोडला.

“ऋजुता, गेलं ते माझ्याकडूनच,” मी म्हटलं. “तोंडून नाही गेलं, पण माझ्याकडूनच.”

सगळं सांगितलं. पहारेकऱ्याला घालवलेलं, कुलस्वामिनीचं नाव, बावीस मिनिटं. मी आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थिनीसमोर उभी राहून माझं चुकलेलं गणित फळ्यावर मांडत होते. शेवटी चित्र्यांचा होकारही सांगितला.

“होकार आला?” शैलाताईंनी देवाकडे बघून हात जोडले. “मग झालं तर! बाई, जाऊ दे हो ते कॉम्प्युटरचं. उलट बरंच झालं, आपल्याला सांगावं लागलं नाही.”

“मला सांगायचं होतं,” ऋजुता म्हणाली.

“रविवारी पोहे झाल्यावर मी निनादला मागच्या अंगणात घेऊन जाणार होते आणि मीच सांगणार होते. आठ दिवस आरशासमोर बोलून बघत होते. कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. त्या माणसानं लिंबू मागावं तसं विचारून टाकलं.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“ते तुम्ही सांगितलंत. आता बाकीच्यांना पण सांगा. तुमच्याकडे चारशे घरं आहेत ना? माझ्यासारखं कुणाला परक्या माणसाकडून कळायला नको.”

“चारशे बारा,” मी म्हटलं. “मंडळ बंद पडेल, ऋजुता.”

“पडू दे,” ती म्हणाली, आणि मग थोडी शरमली, कारण मुलगी मनानं वाईट नव्हती. “आणि निनादला बोलवा. एकट्याला. तुमच्याच घरी.”

“अगं, ते हो म्हणालेत,” शैलाताई म्हणाल्या. “बारा वर्षं म्हणजे पुष्कळ असं त्यांनीच ठरवलंय. आता कशाला उकरतेस?” त्यांचा आवाज जरा जास्तच वर गेला होता. ऋजुतानं आईकडे एकदा पाहिलं आणि त्या गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाणी आला. त्यानं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, पहारेकऱ्याला परत बसवलं आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं की त्यानं शंभरदा विचारलं तरी मी शंभरदा वाचून उत्तर देईन. पासवर्ड माझ्याकडूनच घालून घेतला, देवाचा नाही, माणसाचा नाही, गावाचा नाही. तो टाइप होत असताना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेऱ्याचा रकाना मी स्वतः पुसला, वरपासून खालपर्यंत. मोडेमचं बटण झोपताना आणि घराबाहेर पडताना बंद करायचं, हेही ठरलं.

मग फोन घेऊन बसले. आठवडा लागला. ओरडा खाण्याची माझी तयारी होती आणि तो मी खाल्लाही. एकेचाळीस घरांनी नाव काढून घेतलं. नागोठण्याच्या एका गृहस्थांनी मला इतकं सुनावलं की कान लाल झाले, आणि त्यांचं सगळं बरोबर होतं. पण बहुतेकांनी ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, “बाई, पण आमच्या शेऱ्यात तुम्ही लिहिलं काय होतं?” चोरीपेक्षा त्याचीच काळजी जास्त. मी सगळ्यांना एकच सांगितलं, की जे तुम्ही मला सांगितलंत तेच.

निनाद पुढच्या रविवारी एसटीनं आला. एकटाच. आल्या आल्या दारातच म्हणाला, “दादानं केलं ते मला मोटारीत कळलं, रोह्याला येतानाच. तेव्हाच मोटार थांबवायला हवी होती. नाही थांबवली.”

“मला नको सांगूस,” मी म्हटलं. “तिला सांग.”

ऋजुता आत बसली होती. त्यानं तेच शब्द तिला सांगितले. तिनं मान हलवली आणि समोरची खुर्ची दाखवली. मी चहाच्या निमित्तानं उठले.

“बाई, तुम्ही बसा,” ती म्हणाली. “तुमच्याकडे चुकीचं लिहिलं गेलं होतं. तुम्हीही ऐका.”

मला वाटलं, मुलीला अजून राग आहे. मी बसले.

तिनं अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, जणू समोरच्याला काहीच ठाऊक नाही. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी होतो; नऊ वर्षांची असताना तिथल्या शाळेच्या प्रार्थनेत पडले. गोळ्या सुरू झाल्या. वर्गातल्या मुली डबा खायला जवळ बसेनाशा झाल्या. पंधराव्या वर्षी थांबलं, डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या बंद केल्या. निनाद मध्ये एकदाही ‘हो, मला माहीत आहे’ म्हणाला नाही. हे मी त्याच्या नावापुढे आजही जमा धरते.

“इथपर्यंत तुमच्या दादांनी वाचलंय,” ऋजुता म्हणाली. “पुढचं कुठं लिहिलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एकटी असताना मला परत फिट आली. त्यानंतर आणखी एकदा. आता गोळ्या पुन्हा चालू आहेत, बहुतेक कायमच्या. बारा वर्षं हे आईनं बाईंना सांगितलं. मला कळलं तेव्हा फॉर्म भरून झाला होता, आणि मीही तेव्हा काही बोलले नाही.”

सहा वर्षं मी ज्या रकान्याचा एवढा तोरा मिरवला, ज्यासाठी एक शिकलेला माणूस चोरासारखा माझ्या घरात शिरला, त्यात जे होतं ते खरंच नव्हतं.

“हो म्हणून झालंय तुमचं,” ऋजुता निनादला म्हणाली. “ते बारा वर्षांना होतं. ह्याला नाही. त्यामुळे तुम्ही मोकळे आहात. इथून उठून गेलात तरी मी नाव ठेवणार नाही.”

निनाद उठला नाही. खाली बघत बसला. मला त्या मुलाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

“फिट येते तेव्हा,” त्यानं विचारलं, “जवळच्या माणसानं काय करायचं असतं?”

हा प्रश्न आरशासमोर ऋजुतानं धरला नसावा.

“फार काही नाही,” ती म्हणाली. “आजूबाजूचं टोकदार असेल ते लांब करायचं. हात पाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा हुंगवायचा नाही. थांबली की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत नाही थांबली तर दवाखाना. आणि मी जागी होते तेव्हा ओळखीचं कुणीतरी समोर असलं की बरं वाटतं.”

त्यानं खिशातून पेन काढलं. टेबलावरचा मंडळाचा एक कागद ओढला, पहिली ओळ लिहायला पेन टेकवलं. मग थांबला, पेनला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“परत एकदा सांगा,” तो तिला म्हणाला. “पाठ करतो.”